वरचा एक रुपया

पाचशेची नोट बाजारात ऐपतीचा पुरावा असेल. सकाळच्या पहिल्या एसटीत तो गुन्हा असतो. आणि हा गुन्हा करणारा कधी एकटा नसतो. एटीएम हल्ली पाचशेच्या खाली उतरायलाच तयार नसतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी शहाण्यासारखे पैसे काढून ठेवले, ते सगळे दुसऱ्या दिवशी आरोपी म्हणून एकाच गाडीत बसलेले सापडतात.

चिपळूणहून कराडला निघालेली आमची गाडी अशा आरोपींनी गच्च भरली होती. दिवस लग्नसराईचे. वरच्या रॅकवर फणस, पायाशी आंब्याच्या पेट्या, मांडीवर पोरं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वरच्या खिशात घडी न मोडलेली कोरी पाचशे. बहादूरशेख नाका मागे टाकून गाडी कराडच्या रस्त्याला लागली आणि मास्तर उठले. मास्तर म्हणजे कंडक्टर. घाटावर त्यांना मास्तरच म्हणतात, आणि गाडीत त्यांचा दराराही तेवढाच असतो.

"मोड काढून ठेवा, मोड! पाचशे कुणी दाखवायची न्हाई!"

पहिल्या बाकावरून पाचशे आली. दुसऱ्यावरून पाचशे आली. तिसऱ्या बाकावरच्या बाईंनी दोनशेची नोट पुढे केली, तेव्हा मास्तरांनी ती आधी कपाळाला लावली आणि मग पिशवीत टाकली.

चौथ्या बाकावर एक गुरुजी होते. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर छत्री. त्यांना पहिल्याच टप्प्याला उतरायचं होतं. तिकीट अकरा रुपये. गुरुजींनी शांतपणे पाचशे काढली.

"अकराला पाचशे? गुरुजी, तिकीट घेताय का गाडी?"

"सुट्टे ठेवणं हे तुमचं काम आहे."

"हाय की माझंच काम. पन स्टँडपास्नं हितवर पिशवीत आलंय काय, तर निस्त्या पाचशाच. त्यातली एक फाडून देऊ का?"

"मग अकरा रुपये मी द्यायचे कसे?"

"अकरा काढून."

हा युक्तिवाद बिनतोड होता, पण त्यानं प्रश्न सुटत नव्हता. मास्तरांनी पुढे तोंड करून ड्रायव्हरना हाक दिली, "नाना, मोड हाय का हो तुमच्याकडं?"

नानांनी मान न वळवता उत्तर दिलं, "माझ्याकडं ब्रेक हाय. बाकी सगळं तुमच्याकडं."

शेवटी मदत आली ती मागच्या दाराकडून. तिथे सुकटीची टोपली पायाशी घेऊन एक आजी बसल्या होत्या. "आण बाळा ती नोट इकडे," असं म्हणून त्यांनी पाचशेची नोट खिडकीच्या उजेडात धरली. आधी एका बाजूनं पाहिली, मग दुसऱ्या बाजूनं, मग शेजारणीला दाखवली. नोट पास झाल्यावर कमरेचा बटवा सुटला आणि त्यातून विसाच्या नोटा, दहाच्या नोटा आणि खुळखुळत दहाची नाणी बाहेर आली.

"नाणी नकोत," गुरुजी म्हणाले. "दहाचं नाणं आमच्याकडे चालत नाही."

दहाच्या नाण्याचं हे एक अजब दुखणं आहे. ते सरकारनं पाडलं, बँकांनी वाटलं, पण गावोगावच्या दुकानदारांनी आपापल्या अधिकारात काही ठिकाणी ते रद्द करून टाकलं. कोणी म्हणे त्यावरच्या रेघा दहा हव्यात, पंधरा नकोत. कोणी म्हणे रुपयाची खूण नसेल तर खोटं. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये खुलासा केला की दहाची नाणी तोवर १४ वेगवेगळ्या नक्षींत निघालेली आहेत आणि ती सगळी खरी आहेत. २०११ चा नाणे कायदा तर सांगतो, की रुपयाची आणि त्याहून मोठी नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. आजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं कायद्याचं ज्ञान स्वतंत्र होतं.

"नाणं चालत नसंल, तर तुम्ही चालत जावा."

गुरुजींनी नाणी घेतली. उतरताना त्यांनी नोटांचा वास घेऊन पाहिला आणि चेहरा कसनुसा केला. त्या दिवशी घरच्या मांजरानं त्यांचं जंगी स्वागत केलं असणार. इकडे आजींचा बटवा रिकामा झाला होता आणि त्यात आता फक्त पाचशेची एक नोट होती. म्हणजे त्याही आरोपींत जमा झाल्या.

हा अकराचा आकडा आला कुठून, हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या महाभारताचं मूळ त्यात आहे. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला निघाली १ जून १९४८ रोजी. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नवे पैसे आले. त्या काळच्या कंडक्टरांनी जुने पैसे घेऊन नवे कसे परत केले असतील, या विचारानंच छातीत धडधडतं. पुढे जून २०१८ मध्ये एसटीनं १८ टक्के भाडेवाढ केली, पण सुट्ट्या पैशांवरून रोज होणारी भांडणं मिटवायला सोबत एक तोडगाही दिला. भाडं पाचाच्या पटीत. हिशेबानं सात रुपये झाले तर पाच घ्यायचे, आठ झाले तर दहा. कधी प्रवाशाचे दोन रुपये वाचले, कधी गेले, पण गाडीत शांतता नांदली.

ती शांतता २५ जानेवारी २०२५ ला संपली. भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आणि साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. आता हे पाच पैसे पाहा. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ ला चलनातून बाद झाली. ज्यांना भिकारीही हात लावत नव्हता ते पाच पैसे भाड्याच्या कोष्टकात मात्र खिडकीची जागा धरून बसलेले आहेत. त्यांच्याखातर पहिल्या टप्प्याचं तिकीट झालं अकरा. दहा नाही, पंधरा नाही, अकरा! हा प्रवासभाड्याचा आकडाच नव्हे. ही सत्यनारायणाची दक्षिणा झाली.

त्यात सवलती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण माफी, बारा वर्षांखालच्या पोरांना अर्धं आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट. म्हणजे नवरा पूर्ण, बायको अर्धी, पोरगं अर्धं आणि आजोबा फुकट, अशा एका कुटुंबाचा हिशेब मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. पण मशीन आकडा छापून मोकळं होतं. वरचे रुपये परत द्यायला माणूसच लागतो.

शहरांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. पुण्यात १ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं सरळ दहाच्या पटीत केलं. पुणेकरांकडे वाद घालायला इतर विषय भरपूर असल्यामुळे त्यांना हे परवडलं. मुंबईत बेस्टच्या वातानुकूलित गाडीचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून बारा रुपये झालं, म्हणजे वरचे दोन रुपये शोधताना घाम आला तरी तो गारव्यात यावा अशी सोय झाली. लंडनवाल्यांनी तर ६ जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेणंच बंद केलं. कार्ड टेकवायचं आणि मुकाट्यानं बसायचं. ना ओरडा, ना उत्तर, ना सुकटवाल्या आजी. अशा गाडीत वेळ कसा जात असेल?

आमच्या गाडीत खडपोली गेलं, शिरगाव आलं आणि मास्तर माझ्यापर्यंत पोचले. माझ्या तिकिटाच्या शेपटाला एक रुपया चिकटला होता.

"साहेब, वरचा एक द्या."

महाराष्ट्रातला एसटीचा प्रवासी या वाक्याचा अर्थ झोपेतही सांगेल. वरचा एक रुपया मिळाला, की परत द्यायची रक्कम दहाच्या घरात येते आणि नऊ रुपयांची चिल्लर शोधायचा त्रास वाचतो. मी शर्टाचा खिसा पाहिला, पँटचे खिसे पाहिले, बॅगेचा तो चोरकप्पा पाहिला ज्यात किल्ली, क्रोसिन आणि जुनी तिकिटं असतात. रुपया नव्हता. असणार कुठून? चहा दहाला, वडा वीसला, पाण्याची बाटली वीसला. एक रुपयाचं नाणं आता उरलंय ते देवापुढे, अंतरपाटापाशी आणि एसटीत.

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे बोट दाखवलं. मिशा भरघोस, मान मनगटाच्या जाडीशी विसंगत, बहुधा जुने पैलवान.

"हे पावनं बी कराड, तुमी बी कराड. ही शंभराची नोट दोघांत. उतरल्यावर पन्नास-पन्नास करून घ्या. बाकीचं तिकिटामागं लिवून देतो."

लग्न जुळवताना निदान पत्रिका तरी पाहतात. इथे दोन अनोळखी माणसांची भागीदारी अर्ध्या मिनिटात ठरली. पैलवानांनी शंभराची नोट घेतली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, वर बटण लावलं, त्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. माझे पन्नास रुपये त्यांच्याबरोबर झोपी गेले. त्यांच्या खिशातून ती नोट मागून घेण्याचं धैर्य चिपळूण ते कराड कोणाकडे असेल असं मला वाटलं नाही.

राहिलेली बाकी मास्तरांनी तिकिटाच्या पाठीवर लिहिली. मशीनच्या या कागदावरची छपाई उन्हात आणि घामात हळूहळू उडून जाते. संध्याकाळी पाहावं तर कुठून कुठे आलो, किती दिले, कसलाच पत्ता नसतो. मात्र मास्तरांनी बॉलपेननं लिहिलेला बाकीचा आकडा ठणठणीत असतो.

"कुनी पैसं बुडवीत न्हाई साहेब," माझा चेहरा पाहून ते म्हणाले. "ड्युटीवर निघताना आमच्या खिशातलं पैसं बी लिवून द्यावं लागत्यात. मधीच तपासणीवाले चढले आन पिशवीत चार रुपये जास्ती निघाले, तर त्याचं उत्तर द्या. कमी निघाले, तर खिशातनं भरा. तुमचं नऊ रुपये ठेवून घेऊन मी कुठं बंगला बांधू?"

एवढ्यात मागून एक तरुण उठला. कानात यंत्रं, हातात मोबाइल, चेहऱ्यावर मागासलेल्या समाजाबद्दलची करुणा. "एवढी कटकट कशाला? यूपीआय करा ना सगळ्यांनी." गाडीत कौतुकाची कुजबुज झाली. मास्तरांनी मशीनवर कोड काढला. तरुणानं मोबाइल पुढे धरला. पोफळी मागे पडली होती आणि नेमकं त्याच वळणावर गाडी कुंभार्ली घाट चढू लागली.

मोबाइलवर एक गोल फिरू लागलं. गाडी डावीकडे वळली, गोल फिरत राहिलं. उजवीकडे वळली, फिरत राहिलं. खाली दरी, वर कातळ, मध्ये रेंज नाही. तरुणानं हात खिडकीबाहेर काढला. "हात आत घ्या," नाना ओरडले. त्यानं मोबाइल टपाकडे धरला. एका बाईंनी त्याला मागच्या बाकावर जायला सुचवलं, कारण त्यांच्या भावजयीला एकदा तिथे रेंज मिळाली होती. मास्तर मशीन हातात धरून, पाय रोवून, प्रत्येक वळणाला झोकांड्या खात उभे. आता सगळी गाडी अकरा रुपयांचं विसरून त्या गोलाकडे पाहत होती. हेळवाकला तो गोल थांबला आणि हिरवी खूण उमटली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नोटेपेक्षा यूपीआय जलद आहे हे सिद्ध झालं. फक्त मध्ये घाट नको.

कोयनानगरला गाडी चहापाण्याला थांबली. पैलवान जागे झाले आणि काही न बोलता खाली उतरले. माझ्या पन्नास रुपयांच्या मागोमाग मीही उतरलो. ते कॅन्टीनकडे गेले, मी कॅन्टीनकडे. ते मुतारीकडे वळले, तिथे मात्र मी बाहेर थांबलो. परत येऊन त्यांनी बंडीचं बटण काढलं, शंभराची नोट दिली, दोन वडे घेतले आणि एक माझ्या हातात ठेवला.

"घ्या. चाळीस झाले. साठ आले. तीस तुमचे, तीस माझे. मिटला हिशेब."

मला वडा नको होता. सकाळी सकाळी पोहे खाऊन निघालो होतो. पण सुट्टे पैसे मिळवायचा याहून खात्रीचा मार्ग अजून कोणी शोधलेला नाही, आणि पैलवानांना नाही म्हणायचं तर आवाज फुटायला हवा. वडा गरम होता, मिरची तिखट होती, भागीदारी सन्मानानं विसर्जित झाली.

खरा पेच पडला तो त्यापुढे. गाडीत पाटणला लग्नाला निघालेलं एक कुटुंब होतं. फेटा बांधलेले आबा, त्यांची मंडळी, दोन सुना, पोरंबाळं. त्यांच्या तिकिटांची बाकी राहिली होती एकशे एकोणतीस. मास्तरांच्या पिशवीत आता दहाच्या नोटा जमल्या होत्या, पण चिल्लर नव्हती.

"आबा, वरचा एक द्या, एकशे तीस देतो. लगेच मोकळं."

"रुपाया न्हाई रं बाबा."

"मग हे काय?" मास्तरांनी आबांच्या खिशाकडे बोट दाखवलं. खिशातून आहेराची चार पाकिटं डोकावत होती. लाल-सोनेरी. आणि प्रत्येकाच्या कपाळावर एकेक रुपया चिकटवलेला, नवाकोरा, चमकणारा. "रुपाया न्हाई म्हनताय, आन छातीला चार रुपये लावून बसलाय!"

"त्यो आहेराचा हाय. त्याला हात लावायचा न्हाई."

यावर गाडीत दोन तट पडले. एक तट म्हणे, पाचशे ते पाचशे, रुपयानं काय बिघडतं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, शेवटी शून्य असलेला आहेर करायचा असेल तर घरी बसलेलं बरं. सुकटवाल्या आजी दुसऱ्या तटात होत्या. यूपीआयवाल्या तरुणानं आहेरही ऑनलाइन करता येईल असं सुचवलं, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी आबांच्या मंडळींनी निवाडा दिला, तोही पदराआडून आणि अगदी हळू आवाजात.

"व्याह्यांच्या पाकिटाला हात लावू नका. मामांच्या बी नको. ते चुलत मावसभावाचं हाय ना, त्याचा काढा. त्यांनी आपल्या यमीच्या लग्नात तरी काय दिलं हुतं?"

मास्तरांनी पाकीट मांडीवर घेतलं आणि नखानं रुपया उचकटायला सुरुवात केली. डिंक चांगल्या कंपनीचा होता. रुपया सुटला तेव्हा पाकिटावर गोल पांढरा डाग उमटला. आबांना एकशे तीस मिळाले. आणि मास्तरांनी, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, पाकीट उलटं केलं, कानावरचं पेन काढलं आणि मागे लिहिलं: बाकी रु. १. खाली सही केली.

पाटणला ती मंडळी उतरली. मंडपात आहेराची वही घेऊन बसलेल्या माणसानं ते पाकीट कसं नोंदवलं असेल, हे कळायला मार्ग नाही. बहुधा पाचशे जमा, एक रुपया कराड आगाराकडून येणे.

कराडला गाडी लागली तेव्हा सगळे जण तिकिटं उलटी धरून दारापाशी उभे. मास्तर पायरीवर बसले आणि एकेकाचं तिकीट घेऊन, आकडा वाचून, पैसे मोजून देऊ लागले. कोणाचे तीनशे चाळीस, कोणाचे सत्तर, कोणाचे नऊ. वाटेत चढलेल्यांनी दिलेल्या दहा-विसांनी पिशवी आता फुगली होती, म्हणजे सकाळी ज्यांच्यापायी पेच पडला होता त्यांचे पैसे वाटेतल्या गावकऱ्यांनी भागवले होते. मला नोटा मिळाल्या आणि वर नऊ रुपये: पाचाचं एक नाणं, दोनाचं एक, एकाचं एक आणि शेवटी बोटाला चिकटून बसलेला आबांचा रुपया. रुपया-दोन रुपयांसाठी लोक थांबले, आणि मास्तरांनी शेवटचं तिकीट संपेपर्यंत जागा सोडली नाही. सुट्ट्यांवरून गाडीत आवाज चढतात हे खरं, पण तिकिटामागं लिहिलेला आकडा न भांडता मिळतो हेही तेवढंच खरं.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. एसटीत चढण्याआधी पाचशेची नोट स्टँडवरच्या चहावाल्याकडे मोडा, त्याला सकाळी शिव्या द्यायला वेळ नसतो. तिकिटामागे बाकी लिहून दिली असेल तर उतरण्यापूर्वी ते तिकीट पोराला होडी करायला देऊ नका. दहाचं नाणं मिळालं तर मुकाट्यानं घ्या, ते चालतं. आणि मास्तरांनी वरचा एक मागितला, की कपाळाला आठ्या न घालता द्या. अगदीच नसला, तर गाडीत लग्नाला निघालेलं कोणी आहे का, ते आधी पाहून ठेवा.